इतिहास मुख्य विषय घेताना: वाचन, साधनं, निबंध आणि प्रबंधिका

बारावीनंतर इतिहास हा मुख्य विषय घेऊन पदवी करायची आहे. शाळेत या विषयात गुण चांगले, सनावळ्या तोंडपाठ, वाचनाची आवडही आहे. मग विद्यापीठात नेमकं वेगळं काय करावं लागतं आणि हुशार मुलंही पहिल्या वर्षात का गडबडतात, असा हा प्रश्न आहे.

गडबड बहुतेकदा एकाच ठिकाणी होते. शाळेत प्रश्नाला तयार उत्तर असतं आणि ते लक्षात ठेवलं की काम भागतं. विद्यापीठात प्रश्नच बदलतो. हे घडलं असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? ते तेव्हाच आणि तिथेच का घडलं? यावर आधी लिहिणाऱ्यांचं एकमेकांशी का पटत नाही, आणि पुरावा पाहता तुम्हाला कुणाचं म्हणणं पटतं? पदवीची सगळी वर्षं या प्रश्नांभोवती फिरतात. सुतार जसा लाकूड पारखायला शिकतो तसं इथे कागद पारखायला शिकायचं असतं, आणि ते नुसत्या व्याख्यानांनी येत नाही, हात बसावा लागतो.

सनावळ्या वाया जात नाहीत, त्यांचं काम मात्र बदलतं. प्रत्येक पेपरसाठी एका मोठ्या कागदावर तीस-चाळीस तारखांची कालरेषा स्वतःच्या हाताने काढा आणि ती टेबलासमोर लावा. राजकीय घटना वरच्या बाजूला, दुष्काळ, दरवाढ, साथी, कायदे खालच्या बाजूला. वाचताना एखादी घटना दुसरीच्या आधीची की नंतरची हे चटकन कळलं नाही, तर कारण आणि परिणाम उलटे लिहिले जातात. पहिल्या वर्षाच्या निबंधांतली ही फार सर्रास चूक आहे.

हा विषय कुणी घेऊ नये हेही सांगायला हवं. गोष्टी ऐकायला आवडतात पण संथ, रुक्ष मजकूर तासन्‌तास वाचवत नाही, त्याला दुसऱ्या वर्षापर्यंत कंटाळा येतो. लिहिण्याचा मनापासून तिटकारा असेल तर तीच गत. नोकरीचं म्हणाल तर या पदवीला चिकटून येणारी ठरलेली नोकरी नाही. अध्यापन, अभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, पत्रकारिता, प्रकाशन, कायदा, प्रशासन अशा वाटा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना पुढचं एखादं प्रशिक्षण लागतं. म्हणून जोडविषय विचार करून निवडा. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, कायदा किंवा एखादी भाषा यांतलं एक काहीतरी नेटाने केलं तर इतिहासाच्या अभ्यासालाही बळ मिळतं आणि नोकरीलाही.

पेपर निवडताना बहुतेक जण ओळखीचा काळ आणि ओळखीचा प्रदेश धरून बसतात. पहिल्या दीड वर्षात तरी असं करू नका. एक पेपर आधुनिक काळाच्या आधीचा, एक तुमच्या ओळखीच्या प्रदेशाबाहेरचा आणि एक इतिहासलेखनाच्या पद्धतींवरचा, एवढं तरी घ्याच. प्राचीन काळाच्या अभ्यासात साधनं कमी असतात, त्यामुळे एका शिलालेखातून किंवा नाण्यातून किती काढता येतं आणि कुठे थांबावं लागतं हे कळतं. आधुनिक काळात उलटी अडचण: कागदांचा ढीग असतो आणि त्यातलं सोडायचं काय हे ठरवावं लागतं. दोन्ही सवयी लागतात. पद्धतींचा पेपर कोरडा वाटतो म्हणून पुष्कळ जण शेवटच्या वर्षावर ढकलतात, आणि मग प्रबंधिका (शेवटच्या वर्षाचा दीर्घ संशोधनलेख) लिहिताना त्याचीच उणीव भासते.

वाचन कसं करायचं

एका पेपरला आठवड्याला शंभर-दीडशे पानांचं वाचन नेमलं जाणं नेहमीचं आहे. तीन पेपर असले की साडेतीनशे-चारशे पानं होतात. अभ्यासपूर्ण पुस्तक नीट समजून वाचायचा वेग तासाला वीस-पंचवीस पानांच्या पुढे सहसा जात नाही, सुरुवातीला तर त्याहून कमी. म्हणजे सगळं एकाच वेगाने वाचायचं म्हटलं तर आठवड्याचे सोळा-वीस तास नुसत्या वाचनातच जातील आणि टिपणं काढायला वेळ उरणार नाही. उपाय एकच: कशाला किती वेळ द्यायचा हे वाचायच्या आधी ठरवायचं.

नवं पुस्तक हातात आलं की पहिला तास असा घालवा. अनुक्रमणिका दोनदा वाचा आणि प्रकरणांचा क्रम तसाच का लावला असेल ते स्वतःला विचारा. मग प्रस्तावना पूर्ण वाचा, एक ओळही न गाळता, कारण लेखक कुणाशी भांडतो आहे ते तिथे सांगतो. त्यानंतर थेट उपसंहार. मग प्रत्येक प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद. शेवटी सूची उघडा आणि तुमच्या विषयाचे शब्द कोणत्या पानांवर आहेत ते टिपून घ्या. तासाभराने पुस्तक मिटून दोन वाक्यं लिहा: लेखकाचं म्हणणं काय, आणि ते कोणत्या पुराव्यावर उभं आहे. ही दोन वाक्यं जमली नाहीत तर प्रस्तावना पुन्हा वाचावी लागेल. जमली, तर निबंधाला लागणारं एखाददुसरं प्रकरण संथपणे, तळटीपांसकट वाचा.

तळटीपा गाळून वाचणं ही फार महागात पडणारी सवय आहे. वर मजकुरात लेखक ठाम विधान करतो आणि खाली तळटीपेत त्याचा आधार एकच पत्र असतो, किंवा दुसऱ्या कुणाचं पुस्तक. हे दिसलं की त्या विधानाचं वजन तुमच्यापुरतं बदलतं. शिवाय तुमच्या प्रबंधिकेला लागणाऱ्या साधनांचा पत्ताही बहुधा कुणाच्या तरी तळटीपेतच सापडतो.

टिपणांची शिस्त पहिल्या आठवड्यापासून लावा. पानाचे दोन भाग करा: डावीकडे लेखकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत, उजवीकडे तुमची शंका किंवा शेरा. प्रत्येक टिपणाला पृष्ठांक, मग टीप एका ओळीची का असेना. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर तेव्हाच अवतरणचिन्हं घाला. हे राहिलं की काय होतं पाहा. दोन महिन्यांनी वही उघडल्यावर ते सुरेख वाक्य आपलंच वाटतं, ते निबंधात जातं आणि वाङ्मयचौर्याचा ठपका येतो. मनात खोट नव्हती हे नंतर सांगून उपयोग नसतो. लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्यांनी तर मजकूर उचलून चिकटवणं पूर्ण बंद ठेवावं, सगळं टंकायचं. वेळ लागतो, आणि त्या वेळातच तो मजकूर डोक्यात उतरतो.

एक साधन जवळून

साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे व्याख्येने समजत नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघालेले हे भिक्षुक ब्राह्मण १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि १८५८ मध्ये इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा शहरातच होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार, तोही मराठी, म्हणून विद्यार्थी त्यातली वाक्यं सरळ उचलून 'झाशीत असं घडलं' म्हणून लिहितात. थांबा आणि क्रमाने विचारा.

लिहिलं कधी? घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. म्हणजे ही रोजनिशी नव्हे, आठवण आहे. मधल्या काळात ऐकलेल्या गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत मिसळण्याची शक्यता धरावीच लागते. तारखा आणि आकडे यांत सगळ्यात आधी झीज होते. भीती, तहान, लपून काढलेली रात्र यांत त्यामानाने कमी.

पाहिलं काय आणि ऐकलं काय? शहरातली लूट आणि जाळपोळ त्यांनी सोसली. पण त्याच वेळी इंग्रज छावणीत काय ठरत होतं, हे त्यांना कानावर आल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं. एकाच पानावरच्या दोन वाक्यांचं वजन म्हणूनच वेगवेगळं असू शकतं. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे 'पा' किंवा 'ऐ' लिहून पाहा. तासाभरात जे समजतं ते पद्धतींच्या दहा व्याख्यानांत समजत नाही.

आपल्यापर्यंत आलं कुणाच्या हातून? चिंतामणराव वैद्यांनी हे लेखन संपादित करून १९०७ मध्ये छापलं, आणि संपादन करताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. तुम्ही कोणती आवृत्ती वापरली हे तळटीपेत सांगितलं नाही, तर तुमचं अवतरण गोडसे भटजींचं की वैद्यांचं, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

आणि ताडून कशाशी पाहायचं? इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल त्याच दिवसांतले आहेत, पण ते वरिष्ठांना दाखवण्यासाठी लिहिलेले आहेत. त्यांत आपल्या फौजेची शिस्त उजळ दिसणार. दोन्ही साधनं एकतर्फी असूनही ज्या मुद्द्यावर एकमेकांना दुजोरा देतात, तो मुद्दा भक्कम. जिथे विरोध आहे तिथे तो विरोधच निबंधात मांडायचा. 'साधन पक्षपाती आहे, म्हणून टाकाऊ आहे' हे वाक्य पहिल्या वर्षाच्या निबंधांत वारंवार येतं आणि ते चूक आहे. पक्षपात कुठल्या बाजूचा हे कळलं की तोही पुरावाच होतो: त्या माणसाला काय लपवावंसं वाटत होतं, ते त्यातून कळतं.

साधनाची भाषाही साक्ष देते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडचं राज्य पोपला दिलं, असं सांगणारं एक दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातली लॅटिन भाषा तपासली आणि चौथ्या शतकात रोममध्ये असे शब्द वापरातच नव्हते हे दाखवून दिलं. रोमन अधिकाऱ्यांना त्यात 'सॅट्रप' म्हटलेलं होतं, जो इराणकडच्या सुभेदारांसाठीचा शब्द. शब्द कोणत्या काळाचा हे ओळखता येणं हीच तिथे सगळी मदार होती. मराठी कागदांनाही हीच कसोटी लावतात: जुन्या म्हणून पुढे आलेल्या पत्रात नंतरच्या काळचा शब्द किंवा मायना दिसला की संशय घ्यायचा.

मतभेद वाचायला शिकणं

'इतिहासलेखनाचा आढावा घ्या' असं म्हटलं की मुलं यादी करतात: अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो. यादीत जीव नसतो. प्रत्येक लेखकाने प्रश्न कोणता विचारला आणि कागद कोणते उघडले, हे पकडलं की मतभेदांचा उलगडा होतो. १८५७ चंच पाहा. सावरकरांचं पुस्तक १९०९ मध्ये आलं, राज्य परकीयांचं असताना; त्याला स्वातंत्र्ययुद्ध ठरवण्यामागे पुढच्या लढ्याची निकड होती. १९५७ च्या शताब्दीला सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांची पुस्तकं आली, तेव्हा राज्य आपलं होतं आणि वाद 'हा राष्ट्रीय लढा म्हणायचा का' या प्रश्नावर होता. १९७० च्या दशकात एरिक स्टोक्स जिल्ह्या-जिल्ह्याचे महसुली कागद घेऊन बसले आणि त्यांनी प्रश्नच फिरवला: कोणती गावं उठली, कोणती गप्प राहिली, आणि का? नावांपेक्षा हा प्रश्नांचा प्रवास मांडा. परीक्षकाला तो लगेच दिसतो.

चर्चासत्राला जाताना तीन गोष्टी लिहून न्या: लेखकाचा दावा एका वाक्यात, त्याचा सगळ्यात भक्कम किंवा सगळ्यात कच्चा पुरावा पृष्ठांकासह, आणि तुम्हाला खरोखर न कळलेली एक गोष्ट. एवढं असलं की गप्प बसायची वेळ येत नाही.

निबंध

खरी मेहनत इथे आहे आणि गुणही इथेच. दोन हजार शब्दांच्या निबंधाला तीन आठवडे धरा. पहिल्यात सहा ते दहा लेख किंवा प्रकरणं वाचायची, दुसऱ्यात आराखडा आणि कच्चा खर्डा, तिसऱ्यात पुन्हा लिहिणं आणि तळटीपा. आदल्या रात्री लिहिलेला निबंध भाषेवरून नाही, रचनेवरून ओळखू येतो: वाचताना जो मुद्दा ज्या क्रमाने सापडला त्याच क्रमाने तो उतरलेला असतो.

आधी प्रश्नातला नेमका शब्द पकडा. 'कितपत' विचारलं असेल तर मोजमाप हवं: इतर कारणांच्या तुलनेत किती. 'का' विचारलं असेल तर कारणांची उतरंड हवी, कोणतं खोलवरचं, कोणतं तात्कालिक. 'चिकित्सा करा' म्हटलं असेल तर दिलेलं विधान कुठे टिकतं आणि कुठे कोसळतं ते हवं. तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहिणारे पुष्कळ असतात, आणि भरपूर माहिती असूनही त्यांना गुण का कमी पडतात हे त्यांना कळत नाही.

उदाहरण घेऊ. प्रश्न: '१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीला राज्याचा कर्जबाजारीपणा कितपत कारणीभूत होता?' पहिल्या खर्ड्यात हमखास असा परिच्छेद येतो:

'फ्रान्स कर्जबाजारी झाला होता. अमेरिकेच्या युद्धात बराच पैसा खर्च झाला. राजा उधळा होता. पाव महाग झाला. त्यामुळे लोक चिडले आणि क्रांती झाली.'

यातलं जवळजवळ सगळं खरं आहे आणि तरी यात युक्तिवाद नाही. पाच गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, एकीतून दुसरी कशी निघाली ते सांगितलेलं नाही. 'कितपत' या शब्दाला तर हातच लावलेला नाही. आता हाच परिच्छेद असा करून पाहा:

'कर्जाच्या नुसत्या आकाराने क्रांतीचा उलगडा होत नाही. १७८८ मध्ये फ्रान्सच्या सरकारी खर्चापैकी निम्म्याच्या आसपास रक्कम कर्ज आणि व्याज यांत जात होती हे खरं, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत ब्रिटनचं कर्ज त्याहून जास्तच होतं आणि तिथे राज्य उलथलं नाही. ब्रिटनचं कर्ज पार्लमेंटच्या हमीवर उभं असल्याने कमी व्याजाने मिळत होतं. फ्रान्समध्ये नवा कर लावायचा तर संमती कुणाची, याचंच उत्तर नव्हतं. १७८७ मध्ये मानकऱ्यांच्या सभेने करसुधारणेला नकार दिला, ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीला देणी थांबवावी लागली, आणि १६१४ नंतर एकदाही न भरलेली इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांची प्रतिनिधिसभा, मे १७८९ मध्ये बोलवावी लागली. कर्जाने राजाला संमती मागायला भाग पाडलं. क्रांती पेटली ती संमती देण्याचा हक्क कुणाचा या वादातून.'

फरक कुठे पडला? पहिल्या वाक्यात दावा आहे, आणि तो कुणी खोडून काढू शकेल असा आहे. खोडता येत नाही असं वाक्य बहुधा काही सांगतच नाही. मग विरुद्ध बाजूचा पुरावा स्वतःहून मांडला आहे. ब्रिटनची तुलना शोभेसाठी नाही. तिच्यामुळे एक कारण पुरेसं नाही हे सिद्ध होतं. तारखा क्रमाने आल्या आहेत आणि प्रत्येकीने युक्तिवाद एक पाऊल पुढे नेला आहे. शेवटच्या वाक्यात 'कितपत'चं उत्तर आहे. पावाची महागाई इथून काढली, कारण तिला स्वतःचा परिच्छेद हवा: जुलै १७८८ ची गारपीट, बुडालेलं पीक, आणि १७८९ च्या जुलैत पॅरिसमध्ये कळसाला पोचलेले दर. तारखांची ही गाठच सांगते की राज्याचा पेच आणि पोटाचा पेच एकाच उन्हाळ्यात एकमेकांवर आदळले. (आणि खऱ्या निबंधात या प्रत्येक आकड्याला तळटीप लागेल.)

दोन हजार शब्दांत असे पाच-सहा परिच्छेद बसतात, प्रत्येकी अडीचशे ते तीनशे शब्दांचे. प्रस्तावना दीडशे-दोनशे शब्दांची, आणि ती सगळ्यात शेवटी पुन्हा लिहायची. तिच्यात उत्तर सांगून टाका. रहस्यकथेसारखं शेवटासाठी राखून ठेवू नका. 'प्राचीन काळापासून मानव' अशी सुरुवात असेल तर पहिली तीन वाक्यं काढून टाका, निबंध चौथ्यापासून सुरू होतो. खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका कागदावर उतरवा. ती सहा वाक्यं सलग वाचून युक्तिवाद समजला पाहिजे. नसेल समजत, तर शब्द बदलून काही होणार नाही, परिच्छेदांचा क्रमच बदलावा लागेल.

दोन शब्दांपासून जपा. 'लोकांना वाटलं' लिहिताना कोणते लोक, आणि ते कुठल्या कागदावरून कळलं, हे सांगता यायला हवं. 'अपरिहार्य' लिहायच्या आधी तेव्हाच्या माणसांना तसं वाटत होतं का ते पाहा. शेवट आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हता. आणखी एक: संगणकाकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि पृष्ठांक येऊ शकतात. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही तो तळटीपेत घालू नका.

तारखा, भाषा, आकडे

कागदावरची तारीख आपल्या पद्धतीची आहे असं धरून चालू नका. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद ३० जानेवारीला झाला. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत ते साल १६४८ आहे, आपण १६४९ लिहितो. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण पौष ते फाल्गुनातल्या तारखांना बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण मध्ये जानेवारी उलटलेला असतो. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथे सरसकट एकच आकडा मिळवून भागत नाही. रूपांतर केलेल्या तारखेशेजारी मूळ तारीखही लिहून ठेवा, म्हणजे चूक झाली तरी सापडते.

एका साधनभाषेची निवड दुसऱ्या वर्षाच्या आत करा. आठवड्याला चार-पाच तास दिले तर वर्षभरात कोशाच्या मदतीने वाचण्याइतकी भाषा येते. बोलता आली नाही तरी चालेल. लिपीचं गणित निराळं. मोडीची अक्षरं थोड्या आठवड्यांत ओळखता येतात, पण घाईत लिहिलेलं पत्र, त्यातले संक्षेप आणि कारकुनी वळण वाचायला रोजचा सराव लागतो. छापील वाचन सोबत असलेली पत्रं घ्या: आधी स्वतः वाचा, मग ताडा.

आकड्यांना घाबरून जनगणना आणि दरांचे तक्ते टाळू नका. शेकडेवारी, सरासरी आणि निर्देशांक एवढं आलं तरी पदवीपुरतं भागतं. एका काळचा रुपया किंवा पौंड आजच्या पैशांत सांगायचा मोह टाळा. त्यापेक्षा तेव्हाच्या मजुराची किती दिवसांची मजुरी होती ते सांगा.

परीक्षेविषयी फार सांगण्यासारखं नाही. तीन तासांत तीन उत्तरं असली तर प्रत्येकी एक तास: दहा मिनिटं आराखडा, पंचेचाळीस लेखन, पाच तपासणी. पहिल्या उत्तराला दीड तास गेला की तिसरं अर्धवट राहतं, आणि अर्धवट उत्तराचं नुकसान पहिल्यातल्या दोन जादा गुणांनी भरून निघत नाही.

प्रबंधिका

शेवटच्या वर्षात बहुतेक ठिकाणी आठ ते बारा हजार शब्दांची प्रबंधिका असते. ती फसते ती विषय निवडतानाच. 'ब्रिटिश काळातील स्त्रीशिक्षण' हा विषय नाही, ते कपाट आहे. विषयाला चार बाजू लागतात: एक प्रश्न, एक ठिकाण, दहा-वीस वर्षांचा काळ, आणि एक ठरावीक साधनसमूह. 'अमुक शहरातल्या दोन वृत्तपत्रांनी १८८० ते १८९५ मध्ये मुलींच्या शाळांविषयीची भूमिका का बदलली?' यात चारही आहेत, आणि कुठून सुरुवात करायची तेही कळतं.

विषय पक्का करण्याआधी दोन आठवड्यांची चाचणी घ्या. त्या वृत्तपत्रांचे अंक खरोखर मिळतात का, मधली वर्षं गहाळ आहेत का, लिपी आणि भाषा तुम्हाला वाचता येते का, एका अंकाला किती वेळ लागतो. वीस मिनिटं लागत असतील आणि साप्ताहिकाचे पंधरा वर्षांचे सुमारे पावणेआठशे अंक असतील, तर ते अडीचशेहून जास्त तास झाले, तेही एकाच वृत्तपत्राचे. म्हणजे काळ कमी करा, किंवा दर वर्षातले ठरावीक महिने निवडा आणि तसं केल्याचं प्रबंधिकेत स्पष्ट सांगा. सरकारी कागद हवे असतील तर अलीकडच्या वीस-तीस वर्षांचे बहुधा खुले नसतात, हेही आधीच लक्षात घ्या.

अभिलेखागारात जाण्याआधी सूची पाहून नोंद क्रमांक काढून ठेवा आणि पत्राने किंवा ईमेलने कळवा. काही दफ्तरं दुसऱ्या इमारतीत असतात आणि मागवायला दिवस लागतात. आत सहसा फक्त पेन्सिल चालते. छायाचित्रांची परवानगी असेल तर प्रत्येक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) किंवा फाइल उघडल्यावर पहिलं छायाचित्र क्रमांकाच्या चिठ्ठीचं घ्या, मग कागदांचं, पाठपोट दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूला पोच, शेरा किंवा तारीख असते. त्याच संध्याकाळी फायलींना नावं द्या: संस्था, नोंद क्रमांक, पान. हे चार दिवस लांबलं की तीनशे छायाचित्रांतलं कुठलं पान कुठल्या रुमालातलं ते सांगता येत नाही, आणि ज्याचा पत्ता सांगता येत नाही तो कागद तळटीपेत वापरता येत नाही.

साधनं गोळा करण्याला मुदत घाला. दहा हजार शब्दांसाठी उपलब्ध वेळाचे तीन भाग धरा आणि पहिला भाग संपला की लिहायला बसा, वाचन अपुरं वाटलं तरी. लिहायला लागल्यावरच नेमकी कोणती उणीव आहे ते दिसतं, आणि मग त्या एका कागदासाठी परत जाता येतं. मार्गदर्शकांना 'कसं चाललंय' सांगायला जाऊ नका, हजार-दोन हजार शब्द घेऊन जा. शेवटचे दहा दिवस नवं काही वाचू नका. प्रत्येक तळटीप मूळ कागदाशी किंवा पानाशी पुन्हा ताडा, नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं करा, आणि परिशिष्टात मूळ साधनाचा एक उतारा जसाच्या तसा द्या.